विश्लेषण : अंगणवाडीतील नोंदीतून मुलाचे पुढचे पाऊल कसे ठरते?

राज्यातील अंगणवाड्यांमध्ये लहान मुलांविषयीच्या माहितीची कमतरता नाही. हजेरी, वजन, उंची, आहारवाटप, लसीकरण, गृहभेटी असे सारे काही वहीत आणि मोबाइलमध्ये नोंदवले जाते. प्रश्न त्यापुढचा आहे. आज झालेल्या नोंदीमुळे उद्या त्या मुलासोबत काही वेगळे केले जाते का? नव्या शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांना औपचारिक शिक्षणाच्या पहिल्या टप्प्यात आणल्यापासून हा प्रश्न अधिक महत्त्वाचा झाला आहे. या वयात परीक्षा नाही. त्यामुळे मूल कुठे आहे आणि त्याला पुढे काय हवे, हे कळण्याचा मार्ग सेविकेच्या निरीक्षणातूनच जातो. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडीसारख्या गावात, जिथे बोली वेगळी आहे आणि वर्षाचे वेळापत्रक धानशेतीवर चालते, तिथे हे निरीक्षण कसे करावे आणि त्यातून पुढचे नियोजन कसे ठरते, याचा हा आढावा.

हा विषय आता का महत्त्वाचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षणाची रचना ५+३+३+४ अशी झाली. त्यातील पहिली पाच वर्षे म्हणजे पायाभूत स्तर. यात अंगणवाडी किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीचे वर्ग येतात. या स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. या वयोगटासाठी चाचण्या आणि परीक्षा योग्य नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मूल्यमापनाच्या दोन मुख्य पद्धती सांगितल्या आहेत. एक, मुलाचे निरीक्षण. दोन, त्याने केलेल्या चित्र, मातीकाम, रचना अशा कृतींचे वाचन.

मे २०२३ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू केला. अंगणवाडी हे केवळ आहाराचे केंद्र न राहता शिकण्याचेही केंद्र व्हावे आणि मुलांना रोज किमान दोन तास दर्जेदार पूर्वप्राथमिक शिक्षण मिळावे, हा त्याचा उद्देश. मार्च २०२४ मध्ये दोन आराखडे आले. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ आणि तीन ते सहा वर्षांसाठी ‘आधारशिला’. ‘आधारशिला’ हा ४८ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे. आठवड्यातील पाच दिवस खेळ व कृतींचे आणि सहावा दिवस उजळणीचा, आठवड्याकडे मागे वळून पाहण्याचा, अशी त्याची मांडणी आहे. कागदावर तरी पाहणे आणि त्यावरून ठरवणे यासाठी जागा तयार झाली आहे.

नोंद आणि मत यात फरक काय?

अंगणवाडीच्या वहीत अनेकदा अशी वाक्ये दिसतात : ‘मुलगा आळशी आहे’, ‘मुलगी लाजाळू आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘हुशार आहे’. ही निरीक्षणे नाहीत. ही मते आहेत. मतावरून पुढे काय करायचे ते ठरत नाही. ‘आळशी’ मुलासाठी उद्या कोणता खेळ घ्यायचा?

निरीक्षणात डोळ्यांना दिसलेले आणि कानांनी ऐकलेले तेवढेच येते. ‘लक्ष देत नाही’ याऐवजी ‘मागून दोनदा हाक मारली, वळून पाहिले नाही, समोर येऊन बोलल्यावर लगेच उत्तर दिले’ असे लिहिले, तर लगेच वेगळाच प्रश्न उभा राहतो. या मुलाला नीट ऐकू येते का? ‘आळशी’ याऐवजी ‘सकाळी अकराला भिंतीला टेकून बसला, खाऊ मिळाल्यानंतर उठून खेळायला गेला’ असे लिहिले, तर तो घरून उपाशी येतो का, हे विचारावेसे वाटते. घटना तीच असते. मात्र पहिल्या वाक्याने मुलावर शिक्का बसतो आणि दुसऱ्याने कामाला दिशा मिळते.

शिक्का हा लहान मुलाच्या बाबतीत अधिक धोक्याचा असतो, कारण तो लवकर पसरतो. सेविकेने म्हटलेले ‘मंद’ पालक ऐकतात, शेजारी ऐकतात आणि पहिलीच्या वर्गात मूल पोहोचण्याआधी तो शब्द पोहोचतो.

नोंदीतून पुढचे पाऊल कसे ठरवायचे?

चार प्रश्न पुरेसे आहेत. काय दिसले? त्याचा अर्थ काय असू शकतो? उद्या काय करायचे? पुन्हा कधी पाहायचे?

एक कल्पित उदाहरण घेऊ. सानगडीतील एखाद्या अंगणवाडीत चार वर्षांचा एक मुलगा आहे. सेविकेने लिहिले : ‘बडबडगीताच्या वेळी दाराजवळ बसून राहिला. हाक मारल्यावर पाहिले, पण गोलात आला नाही. मोकळ्या खेळात चिंचोके आणि खडे वेगवेगळे केले. चिंचोके पाचपर्यंत मोजले, सहाव्याला पुन्हा एकपासून सुरुवात केली.’

याचा अर्थ काय असू शकतो? वस्तूंचे गट करणे त्याला जमते. पाचपर्यंतची मोजणी आली आहे. मोठ्या गटात मात्र तो संकोचतो, किंवा ते गीतच त्याच्या ओळखीचे नाही. इथे ‘असू शकतो’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, अंदाज बांधायचा असतो आणि तो तपासायचा असतो.

उद्या काय करायचे? त्याला सर्वांसमोर उभे करून गाणे म्हणायला लावणे हा मार्ग नव्हे. आणखी एका मुलाबरोबर त्याला जोडीने बसवता येईल. चिंचोके, खडे आणि पाने असे तीन प्रकार देऊन गट करायला सांगता येईल. ‘तुझ्या मित्राला तीन चिंचोके दे’ असे म्हणता येईल. यात मोजणीही होते आणि दुसऱ्याशी बोलणेही होते. चार-पाच दिवसांनी पुन्हा पाहायचे. जोडीत बोलू लागला असेल तर चार मुलांच्या गटात बसवायचे. बोलू लागला नसेल तर अंदाज बदलायचा आणि घरी तो कसा वागतो, हे आईला विचारायचे.

पुढचे पाऊल लहान आणि करता येण्याजोगे हवे. ‘भाषा सुधारणे’ हे पाऊल नाही. ‘उद्या चित्र दाखवून त्याला एकट्याला दोन प्रश्न विचारणे’ हे पाऊल आहे. पहिले वाक्य महिनाभर वहीत तसेच राहते. दुसरे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाले की नाही, हे सांगता येते.

साहित्याबाबत एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. चिंचोके, मणी, लहान खडे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. ते तोंडात घालण्याचा आणि घशात अडकण्याचा धोका असतो. मोठ्या मुलांनाही ते देताना कोणीतरी जवळ हवे.

झाडीबोली बोलणारे मूल ‘मागे’ असते का?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते. साकोली परिसरातील डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा दीर्घकाळ अभ्यास केला. या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘र’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. डोळा हा ‘डोरा’ होतो, पाणी हे ‘पानी’ होते. सानगडीतले तीन वर्षांचे मूल डोळ्यावर बोट ठेवून ‘डोरा’ म्हणाले, तर त्याने चूक केलेली नाही. घरात आई, आजी, शेजारी जे म्हणतात तेच ते अचूक म्हणत आहे.

बाहेरून आलेल्या व्यक्तीने मात्र याची नोंद ‘उच्चार अशुद्ध’ अशी केली, तर त्यातून निघणारे पुढचे पाऊलही चुकीचे ठरते. मुलाला वारंवार थांबवून ‘डोळा म्हण’ असे सांगितले जाते. काही दिवसांत मूल बोलणेच कमी करते. मग ‘बोलत नाही’ अशी दुसरी नोंद होते, आणि ही अडचण पहिल्या नोंदीनेच तयार केलेली असते.

भाषेचे निरीक्षण करताना उच्चारापेक्षा इतर गोष्टी पाहाव्या लागतात. घरच्यांना त्याचे बोलणे कळते का? ते दोन-तीन शब्द जोडून बोलते का? ‘वाटी आण आणि ताईला दे’ अशा दोन टप्प्यांच्या सूचनेप्रमाणे करते का? स्वतःहून प्रश्न विचारते का? या साऱ्यांची उत्तरे ‘हो’ असतील तर मुलाची भाषा उत्तम वाढते आहे. मग पुढचे पाऊल सोपे आहे. त्याचे ‘डोरा’ स्वीकारायचे आणि बोलता बोलता ‘हो, हा डोरा, पुस्तकात याला डोळा म्हणतात’ असे जोडून द्यायचे. दोन्ही शब्द त्याच्याकडे राहतात.

याची दुसरी बाजूही आहे. खरोखरच उशिरा बोलणाऱ्या मुलाबद्दल ‘आपल्याकडे असेच बोलतात’ किंवा ‘याचा बापही उशिराच बोलला’ असे म्हणून विषय सोडून दिला जातो. दोन वर्षांचे होऊनही मूल दोन शब्द जोडत नसेल, तर ती बोलीची बाब राहत नाही. बोली कोणतीही असो, शब्द जोडण्याचे वय बदलत नाही. इथे सेविका त्याच गावातील असण्याचा मोठा फायदा होतो. बोलीतला फरक कोणता आणि वाढीतला उशीर कोणता, हे तिला वेगळे करता येते. झाडीपट्टीच्या काही गावांत घरात गोंडी बोलली जाते. तिथेही मुलाला घरच्या भाषेत काय येते, हे आधी पाहावे लागते.

हंगामाचा आणि निरीक्षणाचा संबंध काय?

भंडारा हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. गावोगावी माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीला जोर असतो. त्या दिवसांत बाया सकाळीच बांधीत उतरतात. लहान मुले आजीकडे, मोठ्या बहिणीकडे किंवा बांधावर असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान कापणी येते. मार्च-एप्रिलमध्ये ज्या गावांलगत जंगल आहे तिथे पहाटे मोहफुले वेचायला आणि त्यानंतर तेंदूपत्ता तोडायला घरची माणसे बाहेर पडतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात.

हे सारे मुलाच्या वागण्यात उतरते. मंडईच्या दुसऱ्या दिवशी मूल पेंगत असेल तर त्यात काळजीचे काही नाही. तेच मूल महिनाभर रोज पेंगत असेल तर ती नोंद वेगळी आहे. रोवणीच्या काळात मूल चिडचिडे झाले, दुपारी रडू लागले, याचा अर्थ त्याचा स्वभाव बदलला असा नाही. आई पहाटे जाते आणि अंधार पडल्यावर येते, हे कारण असू शकते. म्हणून नोंदीखाली तारखेबरोबर ‘रोवणी सुरू’, ‘आई मोह वेचायला जाते’, ‘घरात पाहुणे’ असे दोन-तीन शब्द लिहिले, तर वर्षअखेर त्या नोंदीचा अर्थ लागतो.

पुढचे पाऊलही हंगामानुसार ठरते. मोहाच्या दिवसांत मूल उपाशी येत असेल, तर सकाळचा खाऊ येताक्षणी देणे हा सर्वांत परिणामकारक ‘शैक्षणिक’ निर्णय ठरू शकतो. उपाशी मुलाला रंग ओळखायला शिकवण्यात अर्थ नाही. रोवणीच्या काळात पालक सभा दुपारी ठेवली तर कोणी येत नाही, ती संध्याकाळी ठेवावी लागते. मोठ्या बहिणीकडे बाळ सोपवले जात असेल, तर बाळाशी कसे बोलावे, कोणता खेळ खेळावा, हे त्या बहिणीला आणि आजीला दाखवावे लागते. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांचा दिवसभर सांभाळ हा तिचा उद्देश. धानपट्ट्यातील गावांची गरज मोजताना रोवणी-कापणीच्या काळातील हजेरीच्या नोंदी पुरावा म्हणून मांडता येतात.

वजनाच्या आकड्यातून काय वाचायचे?

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने बुटकी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आणि ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले होते. त्यामुळे दरमहा होणारे वजन ही अंगणवाडीतील सर्वांत नियमित नोंद. मात्र तिचा उपयोग बहुधा एवढाच होतो की मूल हिरव्या, पिवळ्या की लाल रंगात आहे, हे कळावे.

खरी माहिती रेषेच्या दिशेत असते. दोन वर्षे पूर्ण झालेल्या दोन मुली समजा. दोघींचे आजचे वजन ९.२ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार या वयाच्या मुलीसाठी कमी वजनाची सीमा ९ किलो आहे, म्हणून दोघीही ‘सर्वसाधारण’ गटात बसतात. पण पहिली तीन महिन्यांपूर्वी ८.७ किलोची होती आणि दुसरी ९.६ किलोची. पहिली वाढते आहे. दुसरी घसरते आहे, आणि अहवालात तिचे नाव कुठेही येणार नाही. सीमा ओलांडण्याची वाट न पाहता दुसरीच्या घरी याच आठवड्यात जाणे, जुलाब-ताप झाला होता का, जेवण कोण भरवते, स्तनपान थांबले का, हे विचारणे हे तिथले पुढचे पाऊल आहे.

त्याआधी मोजमाप बरोबर झाल्याची खात्री हवी. काटा शून्यावर होता का, जाड कपडे काढले होते का, दोन वर्षांखालील बाळाची लांबी झोपवून आणि त्यापुढच्या मुलाची उंची उभे करून घेतली का, हे तपासावे लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल किंवा दोन्ही पायांवर सूज असेल, तर ते तीव्र कुपोषणाचे लक्षण मानले जाते. अशा वेळी थांबून पाहायचे नसते, लगेच आरोग्य तपासणी करून घ्यायची असते.

शंका आली तर कोणाकडे जायचे?

निरीक्षण म्हणजे निदान नव्हे. सेविकेने ‘याला अमुक आजार आहे’ असे सांगायचे नाही. तिने जे दिसले ते तारखेसह पुढे पोहोचवायचे. ‘१८ महिने पूर्ण झाले, आधाराशिवाय चालत नाही’, ‘मागून हाक मारल्यास वळत नाही, तीन वेगवेगळ्या दिवशी पाहिले’, ‘आधी बोलत असलेले शब्द गेल्या दोन महिन्यांत थांबले’ अशी नोंद डॉक्टरांच्या कामाची असते.

त्यासाठी यंत्रणा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याची वैद्यकीय पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करतात. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चार गोष्टी त्यात पाहिल्या जातात. पुढील तपासणी व उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धती केंद्राने जाहीर केली. वेळीच ओळखणे, अंगणवाडीत सामावून घेणे आणि आशा, एएनएम व वैद्यकीय पथकामार्फत पुढे पाठवणे, असे तिचे टप्पे आहेत.

पथक वर्षातून दोनदा येते आणि प्रत्येक मुलासाठी त्याच्याकडे काही मिनिटेच असतात. त्या दिवशी मूल रडले किंवा गैरहजर राहिले तर सहा महिने जातात. लहान वयात सहा महिने हा फार मोठा काळ आहे. म्हणून पथक येण्याआधी ज्या मुलांबद्दल शंका आहे त्यांची यादी आणि नोंदी तयार ठेवणे, त्यांना त्या दिवशी आणण्याची खबरदारी घेणे आणि तारीख लांब असेल तर वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवणे आवश्यक ठरते. मुलाला पुढे पाठवल्यानंतरही अंगणवाडीतले काम थांबत नाही. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला सेविकेच्या समोर, तोंड दिसेल असे बसवणे, हे तपासणीचा अहवाल येण्याआधीही करता येते.

ही पद्धत नवी आहे का?

नाही. महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा पायाच निरीक्षणावर उभा राहिला आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. मूल काय करते ते आधी पाहावे आणि मग शिकवावे, हे माँटेसरी पद्धतीचे सूत्र त्यांनी स्वीकारले, पण महागड्या साहित्याऐवजी परिसरातील बिया, शंख-शिंपले, माती वापरून.

१९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीवरची आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत, हे तिथे दिसून आले. ‘या लोकांना शिक्षणाची आवड नाही’ असे मत बनवणे सोपे होते. ताराबाईंनी त्यातून वेगळे पाऊल काढले. मुले येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या पाड्यावर, त्यांच्या अंगणात न्यायची. अंगणात भरते ती अंगणवाडी. पुढे कोसबाडला हे काम वाढले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज देशभर वापरला जाणारा हा शब्द एका नीट वाचलेल्या निरीक्षणातून आला आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण वेळेची. एकाच सेविकेकडे तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग, गरम ताजा आहार, गरोदर व स्तनदा मातांची नोंद, घरी नेण्याच्या आहाराचे वाटप, गृहभेटी आणि वेळोवेळी येणारी सर्वेक्षणे असतात. ग्रामीण भागात साधारण ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा निकष आहे.

दुसरी अडचण साधनांची. मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ हे मोबाइल ॲप वापरात आले. निकृष्ट मोबाइल आणि इंग्रजीतील ॲप याविरोधात त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात मानधनवाढ व अन्य मागण्यांसाठी राज्यात प्रदीर्घ संप झाला. जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा आहार देताना लाभार्थ्याच्या चेहऱ्याची ओळख पटवणेही बंधनकारक झाले. प्रत्येक नव्या नोंदीमागे काही ना काही कारण आहे. मात्र त्या साऱ्यांची बेरीज सेविकेच्या वेळेतूनच वजा होते.

तिसरी अडचण नोंदीच्या प्रवासाची. माहिती गावाकडून प्रकल्पाकडे, जिल्ह्याकडे आणि पुढे राजधानीकडे जाते. तिथे तिचे टक्के होतात. वरच्या कार्यालयाला टक्के हवेत, हे योग्यच आहे. पण टक्क्यात मूल दिसत नाही. ‘९५ टक्के मुलांचे वजन झाले’ या वाक्यातून वजन घसरलेल्या त्या दुसऱ्या मुलीसाठी काय केले, हे कळत नाही. नोंद वर जाताना तिची एक प्रत, उपयोगाच्या रूपात, त्याच अंगणवाडीत राहायला हवी.

आहे त्या परिस्थितीत काय शक्य आहे?

रोज सर्व मुलांबद्दल लिहिणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. अंगणवाडीत ३० मुले असतील आणि रोज तिघांकडेच बारकाईने पाहायचे ठरवले, तर कामाच्या दहा दिवसांत प्रत्येक मूल एकदा नजरेखालून जाते. महिन्यात किमान दोनदा. प्रत्येकासाठी दोन ओळी पुरतात. एक ओळ ‘काय दिसले’ याची, दुसरी ‘पुढे काय’ याची. आज कोणते तिघे, हे आधीच ठरवलेले हवे. नाहीतर खूप बोलणारी आणि खूप रडणारी मुलेच वहीत येतात. शांत बसणारी मुले राहून जातात, आणि मदतीची गरज अनेकदा त्यांनाच असते.

मदतनीस ताईंना यात सामावून घेणे गरजेचे आहे. कोणते मूल ताटात काय टाकते, कोण दुसऱ्याचा खाऊ मागते, कोणाला हात धुताना बटण काढता येत नाही, हे त्यांनाच आधी दिसते. त्यांनी सांगायचे आणि सेविकेने लिहायचे, इतके सोपे हे काम आहे. आठवड्याचा सहावा दिवस उजळणीचा आहेच. त्यात अर्धा तास त्या आठवड्याच्या नोंदी वाचून पुढच्या आठवड्यातील दोन-तीन खेळ बदलण्यासाठी ठेवता येतो. एकाच वेळी सहा-सात मुले कात्री किंवा खडू नीट धरत नसल्याचे दिसले, तर प्रत्येकासाठी वेगळे नियोजन लागत नाही. आठवडाभर मातीचे गोळे, दोरा ओवणे, कागद फाडून चिकटवणे असे खेळ सर्वांसाठी घेता येतात.

पालकांचा वाटा याहून मोठा आहे, कारण मूल अंगणवाडीत काही तासच असते. पालकांनी ‘माझ्या मुलाला किती येते’ यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. या महिन्यात तो कशात रमला? कुठे अडला? घरी काय करू? उत्तरादाखल ‘एबीसीडी घोटून घ्या’ असे ऐकायला मिळाले, तर निरीक्षण झालेले नाही असे समजावे. तीन वर्षांखालील मुलांसाठी ‘नवचेतना’मध्ये महिन्यागणिक १४० कृती दिल्या आहेत. त्या गृहभेटीत करून दाखवता येतात. मुलाविषयीच्या नोंदी मात्र पालक सभेत सर्वांसमोर वाचू नयेत. त्या त्या मुलाच्या आईवडिलांशी बोलताना वापराव्यात.

शेवटचा बदल पर्यवेक्षणात हवा. भेटीला आलेल्या पर्यवेक्षिकेने ‘किती नोंदी भरल्या’ याबरोबरच एक प्रश्न विचारला तरी बरेच बदलू शकते. वहीतील कोणतेही एक मूल निवडून ‘ही नोंद केल्यानंतर याच्यासाठी तुम्ही काय वेगळे केले?’ असे विचारायचे. त्यासाठी नवे ॲप लागत नाही आणि नवा निधीही लागत नाही. सेविकेला त्याचे उत्तर देता येईल इतका वेळ मात्र मोकळा करून द्यावा लागेल, आणि ती जबाबदारी प्रशासनाची आहे.